शाळेतली तारीख

नातू फोन टेबलावर ठेवतो, रेकॉर्डिंग सुरू करतो:
"भालूआजोबा, साठचं दशक सांगा. तिकडचं.
मोर्चे, अश्रुधूर, सगळं."
माझा भाऊ म्हणतो, "थंडी फार होती."
मग बिस्किट चहात बुडवतो, ते तुटतं,
आणि चमच्यानं तळाशी शोधत राहतो.

मग मीच सांगते. मी तिथे नव्हते.
मी होते माटुंग्याच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये,
रेशनच्या रांगेत, दोन बंद शिवलेली पिशवी घेऊन.
अमेरिका त्या पिशवीतूनच घरी यायची: लाल गहू.
आई लाटता लाटता त्या देशाचा उद्धार करायची.

अडुसष्टात भालू गेला.
पत्रं निळी, पातळ, तिन्ही बाजूंनी डिंकलेली;
कडेपर्यंत लिहायचा, म्हणून सुरीनं जपून उघडायची.
"खोलीत डेल नावाचा मुलगा आहे, कॅन्ससचा.
त्याच्या वडिलांची गव्हाची शेती आहे."
आईनं माझ्याकडून लिहवून घेतलं:
"त्याला म्हणावं, चपात्या वातड होतात."
डेलनं ते खरंच घरी कळवलं.
त्याच्या वडिलांचा निरोप आला, माफ करा,
तो गहू पावाचा आहे.

अश्रुधुराबद्दल एकच ओळ होती:
शेजारणीनं मिरच्या भाजल्यासारखं वाटतं, दार मात्र लावता येत नाही.
त्या फेब्रुवारीत आमच्याकडेही दगड पडले,
बाबा वर्कशॉपमधून रुळांवरून चालत आले.
ते आम्ही त्याला कळवलं नाही.

हिरवं कार्ड मिळालं, तेव्हा आम्ही पेढे वाटले.
कार्डासोबत बंदूकही येऊ शकते
हे पेढे खाताना कुणालाच माहीत नव्हतं.

भालू जन्मला पिठोरी अमावस्येला.
घरात एक तरी चंद्र असावा, म्हणून भालचंद्र.
तारीख कुणी टिपली नाही. देश सुटला, त्याच्या पुढच्या महिन्यात,
एवढंच आई सांगायची.
शाळेत घालताना धुरी मास्तरांनी मान वर न करता लिहिलं:
एक जून.
वर्गातली निम्मी पोरं एक जूनला जन्मली.
सटवाईनं काय लिहिलं ते कुणाला दिसत नाही,
मास्तरांचं अक्षर मात्र सुवाच्य होतं.

मग एकोणसत्तरचा डिसेंबर.
काचेचं भांडं, त्यात निळ्या कुप्या, प्रत्येकीत एक तारीख.
ज्याची तारीख आधी निघेल, तो आधी जाणार.
होस्टेलमधली सगळी पोरं टीव्हीसमोर.
"पहिली निघाली चौदा सप्टेंबर," भालूनं लिहिलं.
"एक जून खूप मागे. मी सुटलो.
डेलची तारीख लवकर आली. तो हसला,
मग त्यानं माझ्याकडे गरम पाणी मागितलं, दाढीला. रात्री अकराला."
आणि खाली, अगदी कडेला, डिंकाच्या रेघेवर:
"माझ्या वर्षी पिठोरी किती तारखेला होती गं?
बघून कळव."

मी दादरच्या ग्रंथालयात गेले.
जुनी पंचांगं कपाटाच्या तळाशी, सुतळीनं बांधलेली.
श्रावण, कृष्ण पक्ष. बोट खाली खाली नेत गेले.
अमावस्या. रविवार. चौदा.

घरी येऊन लिहिलं: पंचांग मिळालं नाही.
त्या वर्षी आई डोक्यावर खीरपुरीचं ताट धरून
दाराकडे पाठ करून विचारत होती, "अतीत कोण?"
मी मागून म्हणाले, "भालचंद्र."
आवाज जाड करून म्हणाले.

डेलचं पुढे काय झालं ते पत्रात कधीच आलं नाही.
पत्रातून तो नुसता कमी होत गेला.

हे सगळं मी आज पहिल्यांदा बोलतेय,
तारीख सोडून.
नातू म्हणतो, "आजी, त्यात काय! एका मिनिटात कळेल,"
आणि फोन उचलतो. अंगठा चालायला लागतो.

भाऊ हात पुढे करतो,
डाग पडलेला, थोडा थरथरणारा,
आणि अख्खा पंजा त्या काचेवर ठेवतो.
"राहू दे," म्हणतो. माझ्याकडे न बघता.
"मला माहीत आहे."

रेकॉर्डिंग चालूच असतं.
त्याच्या तळव्याखाली सेकंद पुढे जात राहतात.